रस्त्याच्या अलीकडचे मतदार

गेल्या निवडणुकीत बर्मिंगहॅमच्या आमच्या उपनगरात मतदारसंघाची नवी हद्द थेट आमच्या रस्त्यावरून गेली. समोरची घरं जुन्या खासदाराकडे राहिली, आमची बाजू शेजारच्या मतदारसंघात गेली. आईच्या व्हिसाबद्दल मी त्याला लिहिलं, तर 'तुम्ही आता आमच्याकडे येत नाही' एवढंच उत्तर आलं. तरी मंडळाने गणपतीच्या आरतीला त्यालाच बोलावलं, कारण हॉल समोरच्या बाजूला आहे. मोदक चघळत त्याने मला विचारलं, कुठे राहता? मी खिडकीतून घर दाखवलं. तो कसंनुसं हसून पुढच्या माणसाकडे वळला. त्या हसण्याची मला अजून किळस येते. फोटोच्या वेळी अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "जरा बाजूला व्हा, पुढे त्यांचेच मतदार हवेत." हे अध्यक्ष माझ्या शेजारच्याच घरात राहतात. फोटोत ते खासदाराला चिकटून उभे आहेत.