चौथी प्रत

"तुला वाचायची काय गरज? टाइप तूच केलंयस ना? सही कर."

पुरातत्त्व खात्यातले आमचे मोठे साहेब हे सगळ्यांसमोर म्हणाले. टेबलाभोवती सात खुर्च्या, सातही भरलेल्या. मी उभी. हातात चहाचा ट्रे. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

लालबागला आमच्या चाळीमागे देवीची कोरीव शिळा आहे. फार प्राचीन, सरकारने संरक्षित केलेली. तिच्या व्यवस्थापन आराखड्याचा त्या दिवशी आढावा होता. कागदावर एका स्थानिक रहिवाशाची सही हवी होती. शोधायला कशाला जायचं, टायपिस्ट तिथलीच आहे की!

टायपिंगच्या क्लासात शिकवलेलं, नजर मजकुरावर, बोटं मशीनवर, अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही. मी पडले नाही. 'सर्व्हे क्रमांक अमुकवरील अतिक्रमण हटवावे.' कार्बन घालून चार प्रती बडवल्या, एक चूक नाही. आढाव्याला भिंतीवर नकाशा टांगला तेव्हा दिसलं. लाल पेन्सिलीतलं अतिक्रमण म्हणजे आमची चाळ. स्वतःच्या घरावरचा नांगर मी स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता.

संप झाला, बाबांची गिरणी काही उघडली नाही. घरात पगार माझा एकटीचा. सही केली तर घर जातं, नाही केली तर नोकरी. जाऊ कुठे?

साहेब पुढचं वाचू लागले. "स्थानिकांच्या अज्ञानामुळे शिल्पाला धोका आहे."

माझं डोकंच फिरलं. अज्ञान? माझी आई दर मंगळवारी ती शिळा पुसते. नुसतं पाणी आणि जुन्या लुगड्याचं मऊ फडकं. तेल-शेंदूर कुणाला लावू देत नाही. "देवीचा चेहरा बुजतो," म्हणून बायकांशी भांडते. तुमचा माणूस वर्षातून एकदा येतो, फोटो काढतो, जातो. आणि अडाणी आम्ही!

ट्रे खाली ठेवला. आमच्या चाळीचं पान काढलं आणि उभ्यानेच मोठ्याने वाचलं.

"अगं ए, वेळ नाहीये!"

मी पूर्ण वाचलं. सहीच्या जागी लिहिलं, 'वाचलं. मान्य नाही.' खाली माझं पूर्ण नाव, चाळ, खोली.

घरी बाबांनी चेहरा बघूनच विचारलं, "नोकरी गेली काय गो?"

"गेली."

चौथी प्रत पुसट येते, ऑफिसात ती फेकून देतात. ती माझ्या पिशवीत होती. दुसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्यात बसून मी सगळ्यांना ती वाचून दाखवली. प्रत्येक ओळ, अर्थासकट.

दुसरी नोकरी मिळेल, न मिळेल. पण न वाचता एक अक्षर आता टाइप करणार नाही. आणि त्या आराखड्यावर आमच्या चाळीतला अंगठासुद्धा उमटू देणार नाही.