काकूंची पहिली आवृत्ती

भुताखेतांशी माझा संबंध पुस्तकांपुरता. धाराशिवमध्ये मी जुनी पुस्तकं विकतो, त्यामुळे भुतं मला किलोच्या भावानंच भेटतात! पण नळदुर्गच्या या प्रकारानं मी पार थकलोय... म्हणून इथं लिहितोय.

गेल्या उन्हाळ्यात एका दिवंगत गुरुजींची पुस्तकं घ्यायला गेलो. हायवेलगतचं घर, ट्रक गेला की कपाटाची काच थरथरायची. गुरुजींच्या पत्नीनं, काकूंनी, सगळं विकायला काढलं होतं, फक्त एक कादंबरी सोडून. तिच्या दोन प्रती होत्या, दोन्हींना सारखंच खाकी कव्हर.

"ह्यातली मूळची कोणती, तेवढं सांगा दादा. ह्यांनी जन्मभर चांगलं ते पाहुण्याला दिलं. आंबा असू द्या न्हायतर पुस्तक. उरलंसुरलं माझ्या वाट्याला. आता तरी चांगली प्रत मला ऱ्हावू द्या."

काम सोपं होतं. एका प्रतीवर किंमत रुपये-आण्यांत, खाली 'आवृत्ती पहिली'. शिवाय जुन्या छपाईत शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, कागदात रुततात, पानाच्या मागून बोट फिरवलं की अक्षरं लागतात. दुसरी प्रत नंतरच्या ऑफसेट छपाईची, गुळगुळीत. पहिली आवृत्ती काकूंच्या हातात दिली, दुसरी पिशवीत टाकली.

घरी येऊन पिशवी उघडली, तर आत पहिली आवृत्ती!

वय झालं, चष्मा बदलायला हवा, असं म्हणत पुन्हा एसटीत बसलो. पहिली आवृत्ती काकूंना परत दिली, गुळगुळीत प्रत घेतली, आणि या वेळी त्यांच्या प्रतीच्या कव्हरवर पेननं 'काकू' लिहिलं. परतलो. माझ्या कव्हरवर नाव नव्हतं, पण आत... तीच. रुपये-आणेवाली. फोन केला. त्यांच्याकडच्या कव्हरवर 'काकू' होतं, आतलं पान गुळगुळीत.

"मेल्यावर बी खोड जाईना ह्यांची," असं म्हणून त्या हसल्या. मग फोनवर रडल्याच. मला त्या गेलेल्या माणसाचा खरंच राग आला.

पुन्हा गेलो. पाहुण्यालाच चांगलं मिळतं ना? मग म्हटलं, "काकू, चपला घाला. आज तुम्ही पाहुण्या." मी गुरुजींच्या खुर्चीत बसलो, पहिली आवृत्ती मांडीवर घट्ट धरून. गुळगुळीत प्रत काकूंना दिली. पदर सावरत त्या उंबरा ओलांडून अंगणात गेल्या. तिथं पान उघडून मागून बोट फिरवलं.

"लागतंय... दादा, बोटाला लागतंय!"

मांडीवरचं पुस्तक उघडलं. पान गुळगुळीत होतं.

याला साक्षीदार नाही, फोटो नाही. कुणी हसलं तर हसू दे, वाद घालायचं त्राण माझ्यात नाही. कसं झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

काकू मात्र लगेच आत आल्या नाहीत. पुस्तक छातीशी धरून उन्हातच उभ्या राहिल्या, दाराकडं बघत. मग आतल्या रिकाम्या घराला म्हणाल्या, "एवढ्यासाठी मला घराबाहेर जावं लागलं व्हय?"