त्याच्याबरोबर उभा राहिला

१९७८ साली मी एकावन्न वर्षांचा होतो. वसईच्या आमच्या चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत घंटा वाजली, सगळे गुडघ्यांवर गेले. उभा राहिला तो सुट्टीवर आलेला एक जवान, लढाईत त्याचा गुडघा गेलेला. आणि त्याच्याशेजारी माझा एकुलता एक मुलगा.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुझे गुडघे रे कुणी मोडले?"

"बाबा, तो एकटाच उभा होता."

पाद्री होईन, फौजेत जवानांसोबत राहीन, असं तो वर्षभर म्हणत होता. केळीची वाडी कोण बघणार, म्हणून मीच अडवलेला. देवाचं बोलावणं काही घंटा वाजवून येत नसावं. शेजारी कुणी एकटं दिसतं, एवढंच. भरल्या चर्चमध्ये ते माझ्या पोराला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादरांनी पोराला पाद्री व्हायला पाठवायच्या संमतीच्या कागदावर अंगठ्यासाठी शाई पुढे केली. ती बाजूला सारून मी, दुसरी शिकलेल्या बापानं, माझं पूर्ण नाव लिहिलं.