घासलेटवरचं विमान

उंद्रीच्या फाट्यावर उकंडरावांचं ट्रॅक्टर-ट्रकांच्या इंजिनाला तेल पुरवणारे डिझेल पंप अन् नोझल दुरुस्त करायचं दुकान. तीस वर्षांत त्यांनी इतके पंप खोलले, की रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी बसल्या जागेवरून सांगत, "याचं नोझल ठिबकते." असा कुठंच न अडणारा माणूस त्या सकाळी लेकीच्या फोनवर अडला.

लेक जयमाला छोटी विमानं चालवते. तिच्या फ्लाइंग क्लबानं युरोपात चार सीटांची दोन विमानं घेतली होती. ती उडवतच भारतात आणायची. एक पेट्रोलचं, एक डिझेलचं. कोणत्यात बसते ते तिनं आजच कळवायचं होतं.

"बाबा, तुम्ही सांगा. मस्कतच्या पुढं नुसता समुद्र हाय."

"त्यात काय इचारतं वं? डिझेल! ते दगा देत नाही."

"पण त्यात डिझेल नाही टाकत. मोठ्या विमानाचं तेल टाकतात. घासलेटच समजा, साफ केलेलं."

उकंडरावांच्या हातातला पाना थांबला. घासलेट म्हणजे कोरडं तेल. डिझेलात ते मिसळलं की पंप आतून घासतो अन् जाम होतो. असे पंप घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते उभं-आडवं झापत. आणि घरचीच पोर घासलेटवर समुद्र ओलांडणार!

"मंग पेट्रोलच्यात बस."

"ते पेट्रोल येगळं असते, बाबा. वाटंत कितीक ठिकाणी भेटतच नाही. आधी पिपं मागवून ठेवा लागते."

"म्हंजे ज्याले तेल भेटते त्याचा पंप मरते, अन् ज्याचा पंप जगते त्याले तेल नाही? अबे बाप्पा!"

चहा घेऊन आलेल्या तानुबाई नवऱ्यावर डाफरल्या, "समजत नसंन तं तसं सांगा ना तिले! पोरगी उडणार हाय, तुमचा ट्रॅक्टर नाही."

आपल्याला समजत नाही, ही गोष्ट उकंडरावांनी जन्मात कोणाजवळ कबूल केली नव्हती.

"माय, मले समजूनच नाही राह्यलं," ते लेकीला म्हणाले. "पण त्या डिझेलवाल्या विमानाचा पंप किती तास चालला, ते इचार."

"ठरलेले सहाशे तास झाले की बदलतात. चांगला असला तरी."

"चांगला असला तरी? काऊन?"

ते जयमालालाही सांगता येईना. घंटाभरानं तिचा फोन आला. पंपाचे बावीस तास उरले होते, प्रवास पस्तीस तासांचा. मस्कतला बदलू, असं क्लबवाले म्हणत होते.

"मस्कतले नाही. नवा पंप पहिल्यांदा समुद्रावर नाही तपासत. निंगायच्या आधी बदला म्हणा. नवा बसवला तं डिझेलच्यात बस, नाही तं बसूच नको."

दुपारी होकार आला. पंप आधी बदलणार; निघणं आठवडाभर पुढं गेलं. तानुबाईंचा जीव भांड्यात पडला. उकंडरावांचा पडेना. जवळपास सहाशे तास घासलेट पिऊन जो पंप मेला नाही, तो आतून असेल तरी कसा?

"जयमाले, तो जुना पंप फेकू नोका म्हणा त्याहिले. इकडं घेऊन ये. खोलून पाहतो."

"विमानात वजन मोजून घ्या लागते, बाबा."

"मंग कपडे कमी आण."