नणंदेच्या राज्याचा नकाशा

माझ्या मुलीला पंधरावं लागून सरत आलं होतं आणि तिच्या वाढदिवसाला काय द्यायचं, हे मला सुचत नव्हतं. तिच्या आत्याला मात्र कधीच सुचलं होतं. नुसतं सुचलं नव्हतं, तिची भेट तिच्या घरी येऊनही पडली होती. हे मला नवऱ्याकडून कळलं. तो सातपूरच्या कारखान्यातून फर्स्ट शिफ्ट करून आला, चहा पिता पिता म्हणाला, "तिने काहीतरी मागवलंय म्हणे बाहेरून. मैत्रिणीबरोबर आलं. तू काय देतेयस?"

"बघू," मी म्हटलं, आणि त्याच्या पुढ्यातला कप तो रिकामा व्हायच्या आतच उचलला.

नणंद माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. अमेरिकेत काही वर्षं नोकरी करून ती नाशिकला परत आली. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. गंगापूर रोडला तिने फ्लॅट घेतला आणि एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवू लागली. येताना तिने ज्या बॅगा आणल्या त्यांतल्या एकीत जाडजूड पुस्तकं होती आणि कापडी पिशवीत चित्रविचित्र फासे. आपला फासा सहा बाजूंचा. तिचे चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने ती पिशवी उघडली आणि त्या दिवसापासून ती माझ्या हातून थोडी थोडी निसटायला लागली.

खेळ असा होता: पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. गोष्ट सांगणारी म्हणणार, "तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलात, समोर गुहा आहे, आतून धूर येतोय. काय करता?" मग एक म्हणणार मी आत शिरते, दुसरी म्हणणार मी दगड टाकून बघते, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. गोष्ट सांगणारी अर्थातच आत्या. माझी मुलगी आणि तिच्या शाळेतल्या तीन मैत्रिणी दर रविवारी दुपारी तिच्या फ्लॅटवर जमायच्या. एकच गोष्ट वर्षभर चालली होती.

मला त्या खेळाचा राग नव्हता. अभ्यास ती नीट करत होती. राग यायचा तो ती तिकडून घरी आल्यावर. गाल लाल, डोळे चमकणारे, आणि मी दार उघडलं की ती चमक जराशी आत जायची. एकदा विचारलं, "जेवायला वाढू?" तर म्हणाली, "आत्याकडे खाल्लं. तिने लाल भोपळ्याचं सूप केलं होतं. मस्त होतं!" माझ्या हातच्या घारग्यांना जन्मभर नाक मुरडणारी मुलगी. मी ताट झाकून ठेवलं आणि भाजीवाल्याकडून पुढे कितीतरी दिवस भोपळा म्हणून आणला नाही.

भेटीचं काही सुचावं म्हणून एका दुपारी मटार सोलता सोलता मी तिला त्या खेळाबद्दल विचारलं. "तू कोण असतेस त्यात?"

ती खुलली. म्हणाली, "मी धनुर्धारी आहे. जंगलात वाढलेली."

"जंगलात? आई-वडील?"

"ते मेलेत." तिने सोललेले दाणे तोंडात टाकले. "अगं, सगळ्यांचेच मेलेले असतात. नाहीतर घर सोडून कोण बाहेर पडणार? सोपं पडतं ते."

"मी कशाने मेले?"

"तू नाही गं, तिची आई. तापाने."

"आणि मग हिला वाढवलं कोणी?"

"एक म्हातारी चेटकीण आहे. चांगली चेटकीण. तिला सगळी औषधं माहीत असतात. खूप विनोदी बोलते." मग तिने चेटकिणीचा आवाज काढून दाखवला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गोष्टीतल्या बाकीच्या सगळ्यांची सोंगं आत्याच घ्यायची. चेटकीणही तीच.

मी मटारचं ताट माझ्याकडे ओढून घेतलं. मला तापाने मारून, बाईसाहेब माझी मुलगी वाढवत होत्या, आणि वर विनोदी बोलत होत्या.

त्याच आठवड्यात, मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मेन रोडला गेले. मनाशी ठरवलं होतं की तिच्या खेळातलंच काहीतरी द्यायचं, आणि आत्याच्या भेटीपेक्षा सरस द्यायचं. खेळण्यांच्या दुकानात मालकाला विचारलं, "वीस बाजूंचा फासा आहे का?"

त्याने आधी व्यापार दाखवला, मग ल्युडो, मग लोहचुंबकाचं बुद्धिबळ. मी परत सांगितलं तेव्हा तो हसला. "ताई, वीस बाजू असल्या तर तो गडगडत गोदाकाठी जाईल की!" दुकानातली दोन माणसंही हसली. मी कॉलेज रोडच्या गिफ्टच्या दुकानात गेले. तिथे टेडी बेअर होते, काचेतले डॉल्फिन होते, 'बेस्ट मॉम'चे कप होते. एक कप उचलला आणि खाली ठेवला. नवरा म्हणाला होता, ड्रेस घे ना छानसा. ड्रेस मी दर वर्षीच घेत होते.

घरी येताना सिग्नलला स्कूटर थांबली असताना एकदम डोक्यात आलं. त्या राज्याचा नकाशा. एवढे डोंगर, जंगलं, गावं, सगळं आत्याच्या तोंडी. पुस्तकात नव्हतं ते राज्य, तिने स्वतः रचलेलं होतं, आणि चित्र काढायला तिचा हात अजिबात चालत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी मात्र भूगोलाची शिक्षिका. डाव्या हातात पुस्तक न धरता फळ्यावर महाराष्ट्र काढणारी. हे तिला देता येणार नव्हतं. हे फक्त मला देता येणार होतं. मागच्या रिक्षाने हॉर्न मारला तेव्हा कळलं की सिग्नल सुटलाय.

अडचण एकच होती. ते राज्य नणंदेच्या डोक्यात होतं, म्हणजे नणंदेकडे जाणं आलं.

मुलगी क्लासला गेलेली असताना मी गंगापूर रोडला गेले. कारण नसताना मी तिच्याकडे कधी गेले नव्हते. दार उघडून ती म्हणाली, "वहिनी! सगळं ठीक आहे ना?" मी नकाशाचं सांगितलं तशी ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. "काय भारी कल्पना आहे! मला का नाही सुचलं हे?" तिच्या आनंदात खोट शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही, त्याचाही राग आला.

तिने सांगायला सुरुवात केली आणि मी पेन्सिलीने कच्चं काढत गेले. उत्तरेला बर्फाचे डोंगर. मधे जंगल, चेटकिणीचं घर. दोन्ही बाजूंना समुद्र. डोंगरातून एक मोठी नदी निघते, राजधानीपाशी तिचे दोन फाटे होतात, एक पूर्वेच्या समुद्राला मिळतो, दुसरा पश्चिमेच्या.

माझी पेन्सिल थांबली. "असं होत नाही."

"काय?"

"नदी दोन समुद्रांना मिळत नाही. मुखाशी फाटे फुटतात, ते वेगळं. हे असं मधेच, दोन दिशांना नाही. पाण्याला उतार एकच मिळतो." मी तिला पेठचं उदाहरण दिलं. माझे वडील तिकडे शिक्षक होते, माझं लहानपण त्या डोंगरांत गेलं. "घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं अलीकडचं पाणी गोदावरीत येतं, पलीकडचं दमणगंगेला जातं. पण त्या नद्या दोन आहेत. एकीच्या दोन नव्हेत."

ती हसली. "वहिनी, तिथे ड्रॅगन उडतात."

"उडू देत. नदी चुकीची आहे."

"असेल बाई," ती म्हणाली. "तुझा विषय आहे. तुला ठीक वाटेल तसं कर." आणि चहा ठेवायला आत गेली. तिच्या घरात बसून तिची चूक काढल्याचं समाधान मला चहापेक्षा गोड लागलं.

पुढचे काही दिवस शाळा सुटल्यावर मी भूगोलाच्या खोलीत थांबायचे. जाड हातकागद आणला. टाकाने शाईत डोंगररांगा काढल्या, जंगलाला जलरंगांचा हलका हिरवा हात दिला, समुद्रात लाटांच्या रेघा. गावांची नावं वळणदार अक्षरात घातली. राजधानीच्या पश्चिमेला घाटमाथा काढला आणि नदी पूर्वेला वळवली, जशी वळायला हवी तशी. पश्चिमेचा फाटा काढलाच नाही. शिपाईकाका खोली बंद करायला आले की म्हणायचे, "बाई, कोणता देश म्हणायचा हा?" मी म्हणायचे, "माझ्या मुलीचा." इतकं मन लावून मी काहीच केलं नव्हतं कित्येक वर्षांत. रंग देताना मी वाढदिवसाची संध्याकाळ पुन्हा पुन्हा बघत होते: मुलगी नकाशा उलगडते, आणि आत्याची भेट टेबलावर तशीच पडून राहते.

वाढदिवसाला तिच्या तिन्ही मैत्रिणी आल्या, आत्या आली. श्रीखंड-पुरी झाली. आत्याने एक छोटी डबी दिली. आत फासे होते, सात, गडद हिरवे, आतून सोनेरी रेघा गेलेले. मुलगी किंचाळली आणि तिच्या गळ्यात पडली. चौघींनी ते फासे दिव्यासमोर धरून पाहिले. मी वाट बघत उभी होते.

मग मी गुंडाळी पुढे केली. तिने रिबीन सोडली, कागद जमिनीवर पसरला, आणि चौघी त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसल्या. एकीने बोट ठेवून राजधानी शोधली. "काकू, हे तुम्ही काढलंत?" दुसरी म्हणाली. माझ्या मुलीचं बोट नदीवरून फिरत होतं. राजधानीपाशी येऊन ते थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"आई, नदी चुकलीय," ती हळूच म्हणाली.

"चुकलेली नाही. आधी चुकीची होती."

"नाही गं. पश्चिमेची नदी कुठेय? आम्ही त्याच नदीतून होडीने पळालो होतो. खेळातली ही तिथेच बुडाली." तिने मैत्रिणीकडे बोट दाखवलं. "चार महिने आम्ही त्या नदीवर होतो."

त्या तिघींनी माझ्याकडे पाहून नजर वळवली. फार चांगल्या घरच्या मुली, कुठे बघावं हे त्यांना कळत नव्हतं. "छान आहे पण," माझी मुलगी घाईने म्हणाली. "खूप छान आहे. खरंच." पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणाली. मला वाटलं, उचलावा तो कागद आणि स्वयंपाकघरात जावं.

तेवढ्यात नणंद खाली बसली. तिने त्या म्हाताऱ्या चेटकिणीचा आवाज काढला, घोगरा, हेल काढून. "पोरींनो, तुम्ही डोंगरात होतात तेव्हा खाली काय झालं ते कोणी सांगितलं नाही वाटतं तुम्हाला? भूकंप झाला. पश्चिमेला जमीन वर आली, डोंगर उभा राहिला, आणि तुमची नदी सुकली. होड्या चिखलात रुतल्यात. हा नकाशा नवा आहे. राज्यात एकच नकाशे काढणारी बाई आहे, तिने स्वतः चालत जाऊन काढलाय."

"म्हणजे पश्चिमेची सगळी गावं पाण्यावाचून?" माझी मुलगी म्हणाली. "आणि आपण चोरलेलं सोनं तळाशी पडलंय, ते उघडं झालं!" तिसरी ओरडली. चौघी नकाशावर तुटून पडल्या. माझ्या डोंगराला त्यांनी तिथल्या तिथे नाव दिलं.

नणंदेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. मी हसले. हसावंच लागलं. तिने मला सगळ्यांदेखत वाचवलं होतं, तेही एका दमात, जराही विचार न करता. ती हरली असती तर मी तिला माफ केलं असतं. तिने वाचवलं ते मात्र गिळायला फार दिवस लागले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी घरचा फोन वाजला. मुलीची एक मैत्रीण होती. "काकू, नदी सुकली की विहिरींना किती दिवस पाणी राहतं?" मी सांगितलं की ते खडकावर असतं, आणि कुठला खडक आहे ते विचारलं. मागे गोंधळ झाला. "आत्या म्हणतेय, खडक काकूच ठरवतील." मी बेसाल्ट ठरवला. चांदवडच्या बाजूच्या विहिरींचं सांगितलं, उन्हाळ्यात त्या कशा तळ दाखवतात ते. फोन पुढेही येत राहिले, आणि मी रविवारी दुपारी झोपणं बंद केलं. मात्र एकदाही "वहिनी, तूच ये ना" असं तिने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी गेले नसते, पण तिने म्हणायला हवं होतं.

पुढे मुलगी इंजिनीअरिंगला पुण्याला गेली. होस्टेलवर तिने स्वतःचा गट जमवला, आता गोष्ट तीच सांगायची. नकाशा ती घेऊन गेली, फासेही. पहिल्या सत्रातल्या एका रविवारी तिचा फोन आला. नणंद त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होती, ताटं नुकतीच उचलली होती. मी तब्येत विचारली, मेसच्या जेवणाचं विचारलं. तिने भराभर उत्तरं दिली आणि म्हणाली, "आई, आत्या आहे ना तिथे? दे ना जरा. माझ्या गटातली मुलं गोष्टीत अडकलीत एका ठिकाणी."

मी फोन नणंदेच्या हातात दिला. ती खिडकीपाशी जाऊन बोलायला लागली, मधेच हसली. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सुरू केला, आणि मग तिचं बोलणं ऐकू येईना म्हणून बंद केला.