रिकाम्या पाळण्याचा ताल

मनूला न्हाऊ घालायचं पाणी दोनदा निवलं, दोनदा पुन्हा चुलीवर चढलं. गोजरबाई पाय पसरून पाटावर बसल्या होत्या, शेगडीत ओवाही टाकून झाला होता, पण नातीला पायांवर घ्यायला त्यांचा हात पुढे होईना. सव्वीस दिवसांचं लेकरू. पहाटेपासून दूध ओढत नव्हतं. तोंड लावायचं, दोनदा चोखायचं आणि कळवळून मान फिरवायचं.

"आज नुसतं पुसून घीऊ," गोजरबाई सुनेला म्हणाल्या. "अंगात कसर हाय तिच्या."

पुष्पावती बाजेवर बसली होती. डोक्याला रुमाल, कानांत कापूस. नगरच्या कॉलेजातून बी. ए. झालेली बाई, तान्ह्या मुलाला ताप कशाकशानं येतो हे तिनं वाचलेलं होतं. तरी तिची नजर घडीघडी खिडकीजवळच्या पाळण्याकडे जायची आणि चटका बसल्यासारखी परत फिरायची.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

रंगनाथ, तिचा नवरा, साखर कारखान्यात प्रयोगशाळेत होता. पाळीवर जायला निघालेला, त्यानंच दार उघडलं. बाहेर धुळीनं पांढरा झालेला एक माणूस, दोन्ही बाजूंना दोन पत्र्याच्या पेट्या.

"मी श्रीमंत. मुंबईहून, रेकॉर्ड कंपनीतून. तार मिळाली ना?"

"तार कसली?"

"म्हणजे ती माझ्या मागून येणार," श्रीमंत म्हणाला आणि पेट्या उंबऱ्याच्या आत घेतल्या. "मूळचा राहुरीचा आहे साहेब, आपल्याच जिल्ह्यातला. चहा मागायला लाजणार नाही."

 हा माणूस कशासाठी आला असेल, हे त्यानं सांगण्याआधीच पुष्पावतीला कळलं होतं.

तिच्या गाण्याची हकिगत तशी साधी होती. नगरला वसतिगृहात असताना तिथल्या मिशनरी बाईंनी तिला गिटार शिकवली आणि मायदेशी परतताना ती गिटारच तिच्या खाटेवर ठेवून गेल्या. लग्नात रुखवतात तिळाच्या लाडवांशेजारी ती मांडलेली बघून वऱ्हाडातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. गोजरबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "वाजवती तर वाजवू द्या. भांडी आपटण्यापरीस बरं." मग दुपारची कामं आटोपली की पुष्पावती स्वतःच शब्द जुळवायची, स्वतःच चाल लावायची. टँकरच्या रांगेतल्या घागरी, कारखान्याचा भोंगा, भावाची न आलेली चिठ्ठी, असली गाणी. आवाज कधी चढवायची नाही. शेजारणीशी बोलावं तसं गायची.

कॉलेजातल्या मैत्रिणीच्या ओळखीनं तिची गाणी मुंबईच्या कंपनीत पोचली. तिथले साहेब म्हणाले, हल्लीची मुलं परदेशी तबकड्या ऐकतात. गिटार, मागं हलका ड्रम, कुणी ओरडत नाही. हळुवार रॉक म्हणतात त्याला. तसं मराठीत कुणी करत नाही, आपण करू. दहा गाण्यांची तबकडी ठरली. श्रावणात मुंबईला जाऊन सात गाणी झाली. मग तिच्या पायांवर सूज आली, प्रवास बंद झाला. माहेर नेवाशाकडचं, त्या साली तिकडच्या विहिरींनी तळ दाखवला होता, म्हणून आईनंच निरोप धाडला की पहिलं बाळंतपण असलं तरी तिकडंच राहा, इथं न्हाणीला पाणी नाही.

उरलेली तीन गाणी कशी आहेत ते साहेबांना कळावं म्हणून दिवाळीत रंगनाथनं कामगार क्लबाचं टेपचं यंत्र घरी आणलं. आणि तिथंच ती गोष्ट घडली.

दुष्काळात सुताराच्या हाताला काम नव्हतं. सांगून ठेवलेला पाळणा त्यानं बाळंतपणाच्या दोन महिने आधीच करून आणून टांगला. गोजरबाईंना ते मुळीच रुचलं नाही. त्यांनी पाळण्यावर गोधडी टाकली, दोरीनं आवळून गाठ मारली आणि बजावलं, "बारशाच्या दिशी सोडायची. रिकामा पाळना हालवू न्हाई. ज्याच्यासाठी हाय त्याला बाधतं."

पुष्पावतीच्या तिसऱ्या गाण्याला ताल हवा होता. घरात एकटीच होती. तिनं गाठ सोडली आणि पायानं पाळणा हलवून पाहिला. कड्या कुरकुरल्या, लाकूड हळूच टक् झालं. कुर्र टक्, कुर्र टक्. त्या तालावर ती गायली, आणि तसं पुन्हा तिला कधी गाता आलं नाही. झाल्यावर गोधडी होती तशी बांधली. घरात कुणाला बोलली नाही. फीत मुंबईला धाडताना सोबतच्या चिठ्ठीत मात्र ताल रिकाम्या पाळण्याचा आहे, एवढं लिहिलं.

चहा घेताना श्रीमंत खुशीत होता. "वहिनी, साहेब तुमच्या पाळण्याच्या गाण्यावर बेहद्द खूश आहेत. तेच पहिलं लावणार. तुमची घरचीच फीत घेणार, ड्रमवाला त्या कुरकुरीवरच हलका हात फिरवील. फक्त मागं बल्बाची घूं घूं आली आहे. पाळण्याचा आवाज तेवढा मिनिटभर स्वच्छ घेतो. जुळवायला ती फीतही आणलीय."

तो पेटी उघडून मायक्रोफोन घेऊन पाळण्याकडे गेला. "बाळाला जरा उचला. रिकामाच हवा, त्या दिवशीसारखा. वजनानं आवाज बदलतो."

गोजरबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कंच्या दिवशीसारखा?"

 मनू पाळण्यात कण्हली.

"आत्याबाई," पुष्पावती म्हणाली, "दिवाळीत. मी हलवला होता."

"गाठ तर माझीच हुती."

"मी तशीच पुन्हा मारली."

गोजरबाईंनी मनूला उचलून छातीशी घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर पुष्पावतीला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "आनि इतके दिस मनात ठिवून बसलीस. लई जड गेलं आसंल गं," आणि मीठ-मोहऱ्या शोधायला आत गेल्या.  ते बघून पुष्पावती जास्त घाबरली. म्हणजे आत्याबाईंनाही तेच वाटत होतं.

रंगनाथ सायकलवर जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी मनूचं तोंड उघडून बॅटरी मारली. जिभेवर, गालांच्या आत पांढरे चट्टे होते.

"तोंड आलंय. ओढताना झोंबतं म्हणून पीत नाही." त्यांनी जांभळं औषध बोटानं आतून फिरवलं. "दूध काढून चमच्यानं पाजा. तापाचं मात्र मला सांगता येत नाही. उद्या सकाळपर्यंत उतरला नाही तर नगरला न्या. वाट बघत बसू नका."

"पाळण्याचं काही..." पुष्पावतीच्या तोंडून निघून गेलं.

"पाळण्याचं काय?"

"काही नाही," ती म्हणाली.

डॉक्टर गेले. सासू-सुनेनं मिळून सहा चमचे दूध पाजलं, त्यातलं निम्मं ओघळलं. श्रीमंत ओसरीवर पेटीवर बसून होता. आता पाळण्याचं नाव त्यानं काढलं नाही. दुपार कलताना तोच म्हणाला, "वहिनी, मी जातो परत. गाणी काय, पुढं कधीही होतील."

"साहेब थांबतील?"

तो खोटं बोलला नाही. "चैत्राच्या आत तबकडी काढायची आहे. नाहीतर कराराचा कागद दुसऱ्याच्या नावावर जाईल."

मनू आजीच्या मांडीवर झोपली होती. पुष्पावतीनं तिच्या कपाळाला हात लावला. अजून गरमच. मग तिनं गिटार मागितली. यंत्र स्वयंपाकघरात लावलं, तिनं दोन गाणी एकामागून एक म्हटली. दुसऱ्या गाण्यात आवाज कापला. श्रीमंत म्हणाला, "राहू दे, हे असंच बरं वाटतंय." तिला ते ऐकूही गेलं नाही. तिचे कान बाहेरच्या खोलीकडे होते.

डोक्यात सकाळपासून एकच घोळत होतं. दिवाळीत तिनं पाळणा हलवला तो एकदाच. पण तबकडी निघाली की पुण्या-मुंबईत कुणीही उठेल, सुई टेकवील, आणि तिच्या मनूचा पाळणा रिकामा हलेल. सकाळी, संध्याकाळी, वर्षानुवर्षं. मनू शाळेत जाईल तेव्हाही हलेल, आजारी पडेल तेव्हाही. हे सगळं खुळं आहे, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं. कॉलेजात कुणी हे सांगितलं असतं तर ती हसली असती. पण कपाळाची ऊब तळहाताला लागली की त्या सगळ्या शहाणपणाचं पाणी होत होतं.

श्रीमंत पेटी भरायला लागला. जुनी फीत एका डब्यात, नव्या गाण्यांची दुसऱ्या डब्यात.

"श्रीमंतभाऊ, त्या गाण्याची दुसरी प्रत आहे?"

"नाही. ही एवढीच." तो थांबला. "वहिनी, हेच गाणं साहेबांना सगळ्यांत आवडलंय. हे नसलं तर कदाचित ते सगळंच सोडून देतील. तुम्ही पुन्हा गायलात तरी ते तसं होणार नाही, हे मी तुम्हाला खरं सांगतो."

"मला माहीत आहे."

गोजरबाई मनूला खांद्यावर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

"तुमच्या आईनं कधी तुम्हाला रिकामा पाळणा हलवू दिलाय?" पुष्पावतीनं विचारलं.

श्रीमंतनं मान हलवली. "पाठीत धपाटा घातला असता."

"मग एवढं एक करा," पुष्पावती म्हणाली. "जाण्याआधी ती फीत यंत्राला लावा, आणि माझ्यासमोर पुसा."