तात्पुरते सचिव नेवे काका

नेवे काकांचा किस्सा प्रत्येकाकडे होता आणि प्रत्येकाला वाटायचं, तो फक्त आपल्याकडेच आहे. मंगळवारी सकाळी काका गेले. त्यांच्या व्हरांड्यात आम्ही सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो, तेव्हा ते किस्से एकेक करून बाहेर यायला लागले.

आम्ही काकांच्या मुलाच्या फोनची वाट बघत होतो. तो कॅनडात असतो. तो येईपर्यंत काकांना शवागारात ठेवायचं की आजच सगळं उरकायचं, हे त्याच्या फोनवर ठरणार होतं. काकूंचं एकच म्हणणं होतं, "यांना बेवारशासारखं नेऊ नका." चंदिगडमध्ये काकांचं रक्ताचं कोणी नव्हतं. आमच्यापैकी कोणाचंच नसतं. आम्ही सगळे बदलीवर आलेले.

*

पहिला किस्सा बाबांनी सांगितला. आम्ही इथे आलो तेव्हा आमच्या सामानाचा ट्रक अंबाल्याला बंद पडला होता. रिकाम्या क्वार्टरच्या दारात एक अनोळखी गृहस्थ झाडू आणि चहाचा थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी नाव सांगायच्या आधीच विचारलं, "किती वर्षांची ऑर्डर आहे?"

बाबा म्हणाले, तीन.

"म्हणजे पाच. पडदे चांगल्या कापडाचे घ्या."

आम्हाला आता सहावं वर्ष चालू आहे.

*

इथल्या मराठी मंडळाच्या सचिवांची ऐन गणपतीत गुवाहाटीला बदली झाली, तेव्हा काकांना पंधरा दिवसांसाठी तात्पुरतं सचिव केलं होतं. त्याला सोळा वर्षं झाली. तेवढ्या काळात सात अध्यक्ष आले आणि गेले. एका सभेत शिर्के काकांनी ठराव मांडला, की नेवेंना आता कायम करून टाकू. शिर्के काका चंडीमंदिरला फौजेत होते, त्यांना अर्धवट काही चालत नाही.

काका घाबरून उठले. "नको हो. कायम केलं की बदली होते."

तेव्हा त्यांना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती.

*

माझ्याकडेही एक होता, पण मी तो तिथे सांगितला नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

मुलांच्या नाटकात मी नववीत असताना काकांनी मला पडद्यामागे पुस्तक घेऊन बसवलं होतं. बाकीची मुलं घरी हिंदीच बोलतात, त्यामुळे त्यांची वाक्यं मलाच आतून सांगावी लागायची. काका म्हणाले, "जो बोलत नाही, त्याचं सगळं पाठ असतं."

नाटक संपल्यावर आभार मानायला काका माइकसमोर उभे राहिले आणि गप्पच झाले. समोर दोनशे माणसं. काकांनी हळूच मान वळवून पडद्याकडे बघितलं.

मी आतून म्हटलं, "नमस्कार. मी मधुकर नेवे."

"नमस्कार," काका म्हणाले, "मी मधुकर नेवे."

*

पुढचा किस्सा शिर्के काकांनी खाली बघत सांगितला. डेराबस्सीच्या कारखान्यात कामाला असलेला एक लातूरकडचा माणूस तापाने हॉस्पिटलात वारला. त्याची बायको कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून होती. रडत नव्हती, पाणी पीत नव्हती. तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. काका तासभर तिच्याशेजारी नुसते बसले. मग म्हणाले, "ताई, इथे कुणाला मराठी कळत नाही. काय बोलायचं ते मोठ्यानं बोला."

आणि ती बोलली. नवऱ्याला, त्याच्या भावांना, इतक्या लांब आणणाऱ्या मुकादमाला, तिनं अशा शिव्या घातल्या की शिर्के काका फौजेतले असूनही दूर जाऊन उभे राहिले. नर्स धावत आली आणि विचारायला लागली, ये क्या बोल रही हैं?

काकांनी हात जोडले. "सिस्टर, प्रार्थना है."

व्हरांड्यात सगळे हसले. मग आत काका आहेत, हे आठवून गप्प झाले.

*

तेवढ्यात काकू दारात आल्या. आम्हाला वाटलं, हसण्यावर रागावतील. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "काल संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा. तर म्हणाले, सगळे ऑफिसातून दमून आलेले असतात, कशाला त्रास? सकाळी बघू."

तिथे आठ खुर्च्या होत्या. ज्याने काकांना कधी अवेळी बोलावलं नाही, असा त्यांवर एकही माणूस बसलेला नव्हता.

मुलाचा फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. तिकीट तिसऱ्या दिवशीचं मिळत होतं. तो रडत म्हणाला, थांबू नका.

"अग्नी मी देते," काकू म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही, म्हणून मीही स्मशानात गेले.

*

तिथे आधी खिडकीवर फॉर्म भरावा लागतो. काकूंना बाकावर बसवून बाबा रांगेत उभे राहिले. काकूंनी हात सोडला, तशी मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले.

बाबा त्या खिडकीवर एकदाच आले होते, लातूरच्या त्या माणसाच्या वेळी, काकांबरोबर. आणणाऱ्याचं मृताशी नातं, या रकान्यात तेव्हा काकांनी बेधडक 'भाई' लिहिलं होतं. त्याआधीच्या प्रत्येक परक्या माणसाच्या फॉर्मवरही ते तेच लिहीत आले होते. माझे बाबा ऑडिटमध्ये आहेत. ते बाहेर आल्यावर म्हणाले होते, "काका, सरकारी कागदावर खोटं कशाला?"

"मग खरं काय लिहू?" काकांनी विचारलं होतं. "कोणी नाही?"

आज बाबांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. त्या रकान्याशी येऊन त्यांचं पेन थांबलं. मागची रांग चुळबुळायला लागली.

"रिश्ता?" आतल्या क्लार्कने विचारलं.

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "पड़ोसी."

क्लार्कने फॉर्म आत ओढला. वरचं नाव वाचलं. परत एकदा वाचलं. चष्मा काढून त्याने बाबांच्या खांद्यावरून बाहेरच्या शववाहिनीकडे बघितलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून बाबांच्या हातातलं पेन घेतलं.

"इस खिड़की पर महाराष्ट्र वालों का एक ही रिश्ता लिखा जाता है जी," तो म्हणाला आणि रकाना त्यानेच भरला.